सुकरामचा टॉर्पेडो

मोबाईल खिशात घाला, मग सांगतो. सुकराम माझा शाळासोबती होता, तेव्हा ऐकीव गप्पा म्हणून उडवून लावू नका. बारा डिसेंबर दोन हजार तेवीस, मंगळवार, अमावस्या, रात्रीचे साडेआठ. सडक अर्जुनीहून कोसभर आत आपला मालगुजारी तलाव, त्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, सुकराम पोराचा डबा घेऊन चालला होता. वय बहात्तर. मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरचा, नौदलातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस.

पोरगा टिकेश डोंग्यात होता. बांबूनं पाणी बडवत होता. आवाजाला भिऊन मासे जाळ्यात शिरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

"टिकेश, जेवून घे गा. भात थंडा होऊन राहिला."

"आलो बा. एवढा फेरा मारतो."

सुकराम दगडावर टेकला. तेवढ्यात समोरच्या काठाकडून पाण्यात अंधारातही चमकणारी एक पांढरी रेघ निघाली. सरळ, आखल्यासारखी. त्यानं ती ओळखली आणि त्याच्या हातातला डबा गळून पडला.

तरुणपणी लढाईच्या वेळी तो पाणबुडीत टॉर्पेडोच्या कामावर होता. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून पळणारा बॉम्ब, जहाजाच्या आवाजामागे जाणारा. पण भरवशाचा नव्हता. कधी आपटूनही फुटायचा नाही, कधी भलतीकडेच वळायचा. म्हणून डागायच्या आधी चार तास तपासायचा असतो. त्या रात्री सुकराम थकला होता. न तपासताच त्यानं सही ठोकली. टॉर्पेडो सुटला, आणि गिरकी घेऊन यांच्याच पाणबुडीवर उलटला. कप्तानानं मोटारी बंद करवल्या, म्हणून डोक्यावरून निघून गेला. कुठं गेला, कोणालाच कळलं नाही.

त्याचा माग काढत शत्रूचं जहाज आलं. बॉम्ब पडायला लागले. एक नळ फुटला आणि त्याच्या लोखंडी तुकड्यानं दुर्गाप्रसादचा दंड खांद्यापासून उपटून काढला. दुर्गाप्रसाद सुकरामचा जोडीदार. तो किंचाळायला लागला. वर जहाज कान देऊन उभं. एक आवाज गेला असता तर सगळेच मेले असते. सुकरामनं त्याच्या तोंडावर हात दाबला. तो हात चावत राहिला, चावत राहिला. मग थांबला. बाकी सगळे वाचले, पण सुकराम त्या दिवशी आतून मेला, असं मला वाटतं.

आता रेघ डोंग्याकडे वळली.

"टिकेश, बांबू ठेव. पाणी बडवू नोको."

"काऊन, बा?"

"ठेव म्हणतो ना. चूप बस."

टिकेशनं बांबू ठेवला. पण जाळं भरलं होतं. डोंग्याभोवती मासे तडफडत होते. फड... फड... रेघ थांबली नाही.

सुकराम कमरेइतक्या पाण्यात उतरला. दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागला. छाती फुटेस्तोवर ओरडला, "इधर आ, दुर्गा. मैं इधर हूँ."

रेघ थबकली.

वळली.

"बा... कोणाशी बोलून राहिला?"

सुकरामनं मागं पाहिलं नाही. हात थांबवले नाहीत.

वीस हात...

दहा...

स्फोट झाला नाही. टिकेशनं एवढंच पाहिलं, बाप पाण्यातून पुरुषभर वर उडाला आणि पाळीच्या दगडांवर आपटला. बरगड्या मोडून कातडीबाहेर आल्या होत्या. नाकाकानातून रक्त वाहत होतं.

गोंदियाच्या दवाखान्यात तो तीन दिवस जगला. हे सगळं त्यानं तिथं मला सांगितलं. टिकेश वाचला, याचं त्याला समाधान होतं. शेवटी माझं मनगट धरून एकच विचारलं, "फुटला का गा?"

मी नाही म्हणालो. त्याचं तोंड पांढरं पडलं.

माती देऊन संध्याकाळी आम्ही पाळीवर गेलो. तो उभा होता त्याच्या मागंच पाळीत, गावाच्या दिशेनं गेलेलं एक भोक होतं. गोल, हातभर रुंद, कडा घासल्यासारख्या गुळगुळीत. दोन बांबू जोडून आत घातले, तळ लागला नाही. पाळीच्या पलीकडे खाली गावातले दिवे दिसत होते.

टिकेशनं बांबू बाहेर ओढला. डिसेंबरची थंडी होती...

बांबूचं टोक गरम होतं.