इंजिनाचा सत्कार

इंजिनाचा सत्कार करावा, हे फक्त कोंडवलीच्या सरपंचांनाच सुचू शकतं. खाडीपलीकडे जाणाऱ्या एकुलत्या एका लाँचच्या इंजिनात रुखसाना मुकादमने नवे पिस्टन बसवले होते, म्हणून सरपंचांनी इंजिनालाच शाल-श्रीफळ दिलं. शाल अर्थातच प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, कारण तीच पुढच्या सत्कारालाही लागते. इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर ती घट्ट बांधून फोटो निघाले. मधोमध रुखसाना, मान ताठ.

मग तपासनीस ताम्हणकर नाडीयंत्र घेऊन आले. हे यंत्र इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायचं. दाब कमी भरला, की तपासनिसाच्या हुकमाने इंजिनाला कायमचं कुलूप. ते उघडायची सोय ठेवण्याचं सरकारात कुणाला सुचलं नव्हतं.

"हवेचा मार्ग मोकळा आहे का? पाहून सांगा," यंत्र म्हणालं. ताम्हणकरांनी न पाहताच 'हो' दाबलं. दरवेळी ते 'हो'च दाबत.

चारही सिलिंडरमध्ये दाब सारखाच कमी भरला.

"पिस्टनवरच्या रिंगा नव्या आहेत, साहेब," रुखसाना तोऱ्यात म्हणाली. "इंजिन चार दिवस चाललं, की घासून नीट बसतील."

"रिंगांच्या फटीतून हवा गळत असेल, तर थोडं तेल सोडल्यावर दाब चांगला वाढेल," यंत्राने सुचवलं. तेल सोडलं. दाब जेमतेम हलला.

"मग व्हॉल्व्ह गेलेत," ताम्हणकरांनी निकाल दिला.

"चारही सिलिंडरचे? एकदम आणि सारखेच?" यंत्राने विचारलं. "मला वाटतं, हवाच आत येत नाही."

रुखसानाचा नवरा दाऊद फळीवर बसून होता. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. पूल पडल्यापासून डायलिसिसला जायला ही लाँचच उरली होती आणि उद्या त्याची पाळी होती. "अरे, ती शाल काढा की!" तो वैतागून म्हणाला.

शाल सोडली. प्लॅस्टिक नळीच्या तोंडाला चिकटून आत ओढलं गेलं होतं.

"पुन्हा मोजू," यंत्र म्हणालं. "त्यासाठी आधीचं उत्तर न पाहता दिलं, एवढं तपासनिसांनी कबूल करावं."

"माझं उत्तर चुकल्याची आजवर नोंद नाही," ताम्हणकर म्हणाले. "यंदा माझी बढती आहे."

"आणि शालीचं नाव कुठे यायला नको," सरपंचांनी घाईने जोडलं. "फोटो सगळीकडे गेलाय."

"साहेब, पाया पडते," रुखसाना म्हणाली. तोरा कुठल्या कुठे गेला होता. "उद्या यांना न्यायचंय. कबूल करा ना!"

कबूल करायला काडीची लाज लागते, तीही त्या माणसात नव्हती. ताम्हणकरांनी कुलपाचं बटण दाबलं. इंजिनात खट्ट आवाज झाला.

"आता मला पलीकडे कोण नेणार?" दाऊदने विचारलं.

ताम्हणकर बॅग भरू लागले. सरपंच शालीवरचं तेल पुसू लागले.

"हा प्रश्न मला विचारलाय का?" यंत्र म्हणालं.