गंगामावशीची तिसरी फुंक

"घाबरणार असाल तर आत्ताच आत जा," सोप्यावर मांडी घालत रघुनाथमामा म्हणाले. "ही रचलेली गोष्ट नव्हे. जयराम माझ्या साडूचा मुलगा. पेडण्यात दवाखाना आहे त्याचा."

२०१२च्या जानेवारीतला दुसरा शनिवार. जयराम तेव्हा डॉक्टरकी शिकत होता, दम्याच्या विभागात. रात्री पावणेदहाला तो मोटरसायकलवरून सुर्ल्याला पोचला. तिथली गंगामावशी त्याच्या विभागातली जुनी रुग्ण. खाणीच्या धुळीनं तिची छाती धरलेली, तिला श्वासाचा नवा पंप द्यायचा होता. काम साधंच. पण द्यायचा होता गुरुवारी.

दोन दिवस पंप त्यानं मुद्दाम बॅगेत दडवला. कारण गोकुळदास. दोघे एकाच वर्गात, एकाच खोलीत. सर पाठ थोपटणार ती गोकुळदासची. मावशी तर जयरामच्या तोंडावर विचारायची, "आमचो गोकुळदास खंय रे?" याचा नुसता जळफळाट. गोकुळदास तापानं पडला आणि त्यानं पंप याच्याकडे सोपवला, तेव्हा यानं ठरवलं, बसू दे म्हातारीला गोकुळदासची वाट बघत. उतरू दे तो तिच्या मनातून. शेवटी शनिवारी गोकुळदासनं अंथरुणातून विचारलं, "मावशेक पंप पावलो मरे?" तेव्हा कुठे हा निघाला.

मावशी सोप्यावरच होती. अंधारात.

"आयलो, जयराम?"

पहिल्यांदाच त्याचं नाव! हा असा सुखावला की उशीर झाला म्हणायचंही विसरला. पंप पुढे केला, तिनं तो हातानं बाजूला सारला.

"नाका रे आतां. ती फुंकपाची नळी दी."

श्वास मोजायची नळी ती, जयरामच्या बॅगेत कायम असायची. त्यानं काढून दिली. फुंकलं की काटा चढतो आणि तिथेच थांबतो, बोटानं खाली आणावा लागतो. तीनदा फुंकायचं. मावशीचा काटा कधी दीडशेवर गेला नव्हता.

पहिली फुंक. तीनशे.

दुसरी... पाचशे.

तिसरी... आठशे. काटा टोकाला.

खोकला नाही. घरघर नाही. मध्ये श्वास... श्वास घेतलाच नाही तिनं.

"गोकुळदासापरस तूंच बरो. तुवें उशीर केलो... सुटलें हांव."

दार उघडलं. सून पद्मावती, हातात दिवा. अंधारात हा एकटाच कोणाशी बोलतोय, म्हणून आलेली.

"कोणाकडेन उलयतात?"

"मावशी..."

"मांय काल सांजेर गेली. पंप येतलो म्हणून दारार नजर लावन बसल्ली."

त्यानं वळून पाहिलं. सोपा रिकामा. नळी तेवढी पडलेली.

मामांनी मांडी मोडली.

"ती नळी त्याच्या टेबलावर असते. काटा आठशेवर. खाली येत नाही. मीसुद्धा बोटानं ओढून पाहिला..."