ओंडक्यावरचा जांभळा किडा

निगेल फॉसेटला खोटं पाडायचं, एवढ्या एकाच कामासाठी मी मे महिन्यात, आमच्याकडच्या पावसाळी थंडीत, पुन्हा त्या रानात शिरले. सोबत फॉसेट स्वतः होता आणि माझा धाकटा भाऊ रसेल. तिघांच्या पाठीवर तीन दिवसांचं सामान, आणि शोधायचं काय, तर मोहरीएवढा एक किडा!

भांडण बर्नी गावातल्या आमच्या कॅमेरा मंडळात पेटलं होतं. माझ्या फोटोत मर्टल झाडाच्या कुजक्या ओंडक्यावर निळ्या अळंब्यांची रांग होती आणि सर्वांत मोठ्या अळंबीच्या टोपीवर तो जांभळा, गुबगुबीत किडा बसला होता. चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात उभ्यानं काढल्यावर मी कॅमेरा हातात धरला. लोक थांबून बघत होते असा हा माझा पहिलाच फोटो. फॉसेट परीक्षक होता. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट. त्यानं फोटो भिंतीवरून उतरवला आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाला, "किडा बाहेरून आणून चिकटवलाय. ठिगळं लावायची एवढी हौस असेल तर बाईंनी गोधडी शिवावी."

लोक हसले. ते हसणं आठवलं की अजूनही माझे कान तापतात.

मूळ फाइल दाखवा, असं मंडळानं सांगितलं. ती नव्हती. कॉम्प्युटरचं सगळं रसेल बघायचा, आणि तो कॅमेऱ्याचं कार्ड बिघडलं म्हणाला. त्या दिवशी ओंडक्यापाशी पावसात मी तीनशे फोटो काढले होते. चष्म्यावर वाफ धरली होती, काय टिपलं गेलं ते मलाही धड दिसलं नव्हतं. किडा टोपीवर चढलेली ती एक फ्रेम रसेललाच घरी सापडली होती. मग मी फॉसेटला सांगितलं, चला माझ्याबरोबर, त्याच ओंडक्यावर तसाच किडा दाखवते. तो शांतपणे म्हणाला, येतो. रसेल मात्र घरी जाताना तीनदा म्हणाला की पावसाळी दिवस आहेत, सोडून दे. मला वाटलं, घाबरतोय.

पहिले चार तास खाणीच्या जुन्या वाटेनं गेले. मी पुढे, पाय आपटत. मागून फॉसेटच्या सूचना चालू होत्या. इथून उत्तरेला वळायला हवं, तिथून पाणी भरायला हवं. जळवा मोज्यांतून चढत होत्या आणि मी त्या उपटून अशा फेकत होते की जणू तोच हातात सापडलाय.

दुपारी आडवं रान लागलं. इथल्या झाडाचा बुंधा सरळ वाढतो, स्वतःच्या वजनानं कलंडतो, त्यावर नवी खोडं फुटतात, तीही कलंडतात. वर्षानुवर्षं हे असंच चालून जमिनीच्या वर खोडांची शेवाळलेली जाळी होते, आणि माणसाला त्या जाळीवरूनच चालावं लागतं. खाली किती पोकळी आहे ते दिसत नाही. मी फॉसेटला बजावलं की पाय खोडाच्या मध्यावर टाका, शेवाळावर नको. तो म्हणाला, मी तुमच्याआधी तीस वर्षं या रानात फिरतोय.

दहा पावलांवर कडकड आवाज झाला. मी वळले. फॉसेट नव्हता!

नुसतं भोक होतं. खालून त्याचा दबलेला आवाज आला. मी पालथी पडले. दोन माणसांच्या उंचीइतकं खोल, काळोखात, त्याचा इस्त्रीचा शर्ट तेवढा दिसत होता. एक क्षण, खरं सांगते, मला बरं वाटलं. मग रसेलनं दोर खाली सोडला. आम्ही ओढला. खोड मोडलं, पुन्हा ओढला. हात सोलवटले. तासाभरानं तो वर आला तेव्हा त्याचा उजवा गुडघा सुजून भोपळा झाला होता.

मी त्याला तिथूनच परत नेऊ शकले असते. तेच शहाणपणाचं होतं. पण तो म्हणाला की ओंडका जवळ असेल तर बघूनच जाऊ, आणि मला हवं होतं तेच ऐकू आलं.

रात्र तंबूत काढली, पाऊस थांबला नाही. सकाळी काळ्या चहाच्या रंगाचा ओढा ओलांडला. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. पलीकडच्या चढावर ओंडका होता तसाच पडलेला. आणि निळ्या अळंब्याही! या वर्षीच्या नव्या, टाचणीएवढ्या, आतून दिवा लावल्यासारख्या. राग होता, तरी बघतच राहिले.

मी पोटावर आडवी झाले. कॅमेऱ्याखाली तांदळाची पिशवी, फ्लॅशपुढे दुधाच्या बाटलीचा कापलेला तुकडा, म्हणजे उजेड मऊ पडतो. मॅक्रो लेन्समधून बोटभर जागेत अख्खं जंगल दिसतं, पण श्वास सोडला तरी ते हलतं. तासाभरानं सालीच्या फटीतून तसाच जांभळा किडा बाहेर आला.

"हा घ्या तुमचा चिकटवलेला किडा," मी म्हटलं.

फॉसेट लंगडत आला, वाकून बघितलं. किडा आहे हे त्यानं मान्य केलं. पण तो सालीवर आहे, फोटोत टोपीवर होता, असंही म्हणाला. मी दात खाऊन म्हटलं, थांबा, चढेल. फोकस केसभर सरकवत सालीवरच्या वीस फ्रेम घेतल्या आणि वाट बघत राहिले.

तास गेला. किडा साल खात फिरत होता. अळंबीच्या देठापाशी जायचा, परतायचा. खालून ओढ्याचा आवाज वाढत चालला होता. रसेल जाऊन बघून आला. पाणी मांडीपर्यंत चढलं होतं, निघायला हवं होतं. मी म्हटलं, दहा मिनिटं. तो पुन्हा खाली गेला आणि पळत आला. फॉसेटला धड उभं राहता येत नव्हतं, ओढा आणखी चढला असता तर आम्ही अडकलो असतो. मला कळत होतं. पण भरल्या हॉलमधलं ते हसणं माझ्या डोक्यात वाजत होतं.

"मी हलणार नाही," मी म्हटलं.

रसेल माझ्याशेजारी चिखलात गुडघे टेकून बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"लॉरी, तो वर चढणार नाही. त्या दिवशीचाही चढला नव्हता. सालीवरच होता. मी घरी कॉम्प्युटरवर उचलून टोपीवर ठेवला."

मला आधी समजलंच नाही.

"दोन मिनिटांचं काम होतं गं. तू एवढा जीव टाकला होतास. बक्षीस मिळालं असतं तर तू…"

"कार्ड?"

"मीच पुसलं."

मी उठले. हातात काय आहे हे न बघता ते त्याच्या अंगावर फेकलं. तांदळाची पिशवी होती, ती फुटली. वर्षभर मी जो झालाच नाही म्हणून लोकांशी भांडत होते, तो खोटेपणा माझ्याच घरात शिजला होता. फॉसेट ऐकत होता. तो हसला असता तर मी त्याला तिथेच सोडून आले असते. तो फक्त म्हणाला, "आता पाणी."

ओढा कमरेपर्यंत आला होता. फॉसेट मध्ये, रसेल वरच्या अंगाला, मी खालच्या. मधोमध एक फांदी वाहत आली. फॉसेटचा पाय सुटला! तो माझ्या अंगावर कोसळला, मी पाण्याखाली गेले, तोंडात कडू पाणी. कुणीतरी माझं मनगट पकडलं. रसेल होता. मला ते मनगट सोडवून घ्यावंसं वाटलं, इतकी चीड होती. पण माझ्या दुसऱ्या हातात फॉसेटचा पट्टा होता. मी घट्ट धरून ठेवलं. एक पाऊल. दगड. आणखी एक. काठ!

तिघंही चिखलात पडून धापा टाकत होतो. माझ्या बॅगेतून पाणी गळत होतं. कॅमेरा मेला होता, कार्ड मात्र डबीत कोरडं होतं.

"सावलीवरून कळलं मला," फॉसेट म्हणाला. "किड्याची सावली उलट्या बाजूला होती."

"मग तेवढंच बोलायचं होतंस," मी म्हटलं. त्याला पहिल्यांदा अरेतुरे करत होते. "सावली चुकली, एवढंच. गोधडी कशाला काढलीस?"

त्यानं सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला. मग म्हणाला, "ते वाईट बोललो."

मी माफ केलं, असं काही म्हटलं नाही. आडवं रान टाळून, लांबच्या कड्यानं त्याला आम्ही दोघांनी दीड दिवस खांद्यावर रेलवत आणलं. त्या दीड दिवसात मी रसेलशी एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर मंडळाला चिठ्ठी लिहिली की तो फोटो खोटा होता, मागे घेते. मग स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले. माउस कसा धरायचा इथपासून सुरुवात. पंधरवड्यात तीन गोष्टी शिकले. वीस फ्रेम जोडून किडा टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट करायचा, कडा कातरायच्या, अंधार थोडा उजळायचा. बस. किडा सालीवर आहे. मागे निळ्या टोप्या धूसर. आधीच्या फोटोइतका देखणा नाही.

रविवारी रसेल आला आणि दाराशीच उभा राहिला. पडद्याकडे बघून म्हणाला की डाव्या कोपऱ्यातलं ते पान फार डोळ्यांत येतंय, एका मिनिटात काढता येईल.

पान खरंच डोळ्यांत येत होतं.

"ते तिथेच होतं," मी म्हटलं. "खुर्ची ओढ आणि बस. पण हात मागे बांध."