हिरव्या ठिपक्यांची जागा

ठिपकेवालीने सवयीने अंधाऱ्या खोलीत पाय टाकला, तो थेट एका माणसाच्या हातावर.

"पाच बोटं आहेत," टेबलाखालून आवाज आला. "एखादं ठेवून घ्या, बाकीची सोडा."

तो मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा होता. ती पेशींमागे लागलेली होती. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून नेणारे धागे जिथे पकड घेतात, तिथे एक खास प्रथिन असतं. ते हिरवं चमकायला हवं होतं. तीन महिन्यांत एक ठिपका चमकला असेल तर शपथ! तिने पेशी बदलल्या, बाटल्या बदलल्या, एकदा पेशींची माफीसुद्धा मागितली. आज चारपर्यंत ठिपके दिसले नाहीत तर विषय बंद, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं. आता तीन वाजले होते.

त्याने रंग निवडणारं फिल्टरचं चाक उघडलं आणि त्यावरच्या चिठ्ठ्या दोनदा वाचल्या.

"मोठा बिघाड आहे?"

"नाही... पण 'हिरवा' आणि 'लाल' या चिठ्ठ्या कोणी चिकटवल्या?"

"मीच. चाक पुसलं तेव्हा—"

"अदलाबदल झालीय."

त्याने चाक फिरवलं. तिने डोळा लावला. जोडीजोडीने हिरवे ठिपके! रडू आणि हसू एकाच दारातून निघू पाहत होते, त्या चेंगराचेंगरीत तिला उचकी लागली. त्याने पाणी पुढे केलं.

विषय वाचला. त्यानंतर दर मंगळवारी तो 'तपासणी'ला येऊ लागला. मायक्रोस्कोप ठणठणीत होता, तरी तो खिडकीजवळच्या डुगडुगत्या स्टुलावर बसून त्याची विचारपूस करायचा.

एका मंगळवारी मॅडम स्टूल उचलायला आल्या.

"तिथे... कोणीतरी बसतं," ठिपकेवाली म्हणाली. मॅडम हसून गेल्या. दारात तो उभा होता.

"माझं नाव लिहिलंय का त्यावर?"

"जागा लिहिलेली नसतेच." तिचे कान तापले. "त्या प्रथिनाची जागाही डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली नसते. आधीचं तिथे असतं, म्हणून नवीनही तिथेच येऊन बसतं. पेशी दुभंगली की वाट्याला निम्मंच येतं, पण तेवढं जागा धरून ठेवतं... उरलेलं नंतर भरतं."

"म्हणजे मी मंगळवारपुरता. बाकीचे सहा दिवस?"

"भरून काढायचे. तुमची हरकत नसेल तर—"

"तू म्हण."

"...तुझी. फार आभारी आहे रे मी."

"मी जास्त. तुझ्या त्या चुकीचे माझ्यावर उपकार आहेत." त्याने पाकिटातून एक जुनी, मळकी चिठ्ठी काढली. 'हिरवा'. ती स्टुलावर चिकटवली. "आता बरोबर जागी लागलीय?"

तिने खाली वाकून नीट तपासलं. तीन महिन्यांचा अनुभव होता.

"हो," ती म्हणाली. "आता बस."