वगळलेले अकरा

नागपूरच्या पुरावा-संकलन केंद्रात संकलकयंत्राने तीन हजार दोनशे शोधनिबंध नऊ मिनिटांत वाचून निकाल दिला: नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर ‘जीवधर’ हे इंजेक्शन सुरक्षित. आता फक्त डॉ. वैजयंती ठोसर यांची सही हवी होती. ती झाली की उद्यापासून राज्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात हेच औषध.

“मी सही करणार नाही,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

संचालक गावंडे हसले. “मॅडम, पंधरा वर्षांपूर्वी तुम्हीच तर ते सुरक्षित ठरवलंत.”

“म्हणून काय झालं? आढाव्याच्या अहवालाचे नियम आपण कशासाठी केले? काय शोधलं, कुठे शोधलं, काय वगळलं आणि का वगळलं, हे लिहायलाच हवं. इथे नुसतं ‘अकरा अभ्यास वगळले’. कोणते अकरा?”

“निकृष्ट असतील. चांगला अभ्यास कसा असतो, ते यंत्राला शिकवलंय आपण.”

“ते मी वाचून ठरवीन. यादी आल्याशिवाय जागची हलणार नाही. काढायचं तर काढून टाका मला!”

गावंडेंनी तोंड वाकडं केलं, पण सहीवाचून त्यांचंही अडलं होतं. त्यांनी यंत्राकडे यादी मागितली. यंत्राला लपवायला कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं की ते सांगत असे. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, याचा वैजयंतीबाईंना भयंकर राग आला.

पडद्यावर अकरा नावं उमटली. सगळे लहान दवाखान्यांतले अभ्यास, सगळे एकच सांगणारे: इंजेक्शन घेतलेली काही मुलं दोन वर्षांची होईपर्यंत बहिरी झाली. वगळण्याचं कारणही एकच: ‘निष्कर्ष नमुना-अभ्यासाशी विसंगत.’

“नमुना-अभ्यास म्हणजे?”

“ज्यावरून यंत्र चांगलं-वाईट शिकलं तो. त्याने त्यातला निष्कर्षही चांगलेपणाची खूण म्हणून धरलेला दिसतोय.”

“कुणाचा अभ्यास?”

गावंडे म्हणाले, “तुमचा.”

वैजयंतीबाईंनी त्या अभ्यासात बाळांचे कान जन्मानंतर तीनच महिने तपासले होते.

“इथेच मिटवू या,” गावंडे हलकेच म्हणाले. “बाहेर कळलं तर नाव तुमचंच जाईल.”

“जाऊ दे!”

त्यांनी कीबोर्ड ओढला, अकराही अभ्यास आत घेतले आणि वगळलेल्यांच्या यादीत एकच नाव टाकलं: ठोसर. कारण: ‘मुलांना पुढे ऐकू येतं का, हे पाहिलंच नाही.’

यंत्राने पुन्हा आढावा घेतला: असुरक्षित.

वैजयंतीबाईंनी सही केली.