रेडिएटर धुण्याची दुपार

पोशीरच्या वळणावर ओजसच्या गाडीतून वाफ उसळली. बॉनेट उघडून तो रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागून शांत आवाज आला, “भाजंल हात. निवू द्या आधी.”

जीपमधून उतरलेली ती मुलगी म्हणजे अक्षदा. वडिलांचे, हिरामणचे गुडघे दुखू लागल्यापासून कोंडाण्याची लेणी पाहायला येणाऱ्यांची ने-आण तीच करी. ओजस कर्जतच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. गाडी निवेपर्यंत दोघं आंब्याखाली बोलत बसले, आणि त्यानंतर ओजसला लेण्यांचं असं काही वेड लागलं, की सुट्टी आली की तो तिच्या जीपमध्ये हजर! खडबडीत चढावरून ती सफाईनं जीप काढायची, आणि ओजस डोंगर सोडून स्टिअरिंगवरच्या तिच्या मनगटांकडे बघत राहायचा.

एका रविवारी तो गेला, तर जीप अंगणातच उभी. रेडिएटर धुवून इंजिन थंड ठेवणारं नवं कूलंट भरायचं होतं. त्यानं लगेच बाह्या सरसावल्या. थंड इंजिनाखाली अक्षदानं घमेलं सरकवलं, खालची तोटी सैल केली... गंजाचं तांबूस पाणी भळभळलं. मग साधं पाणी भरायचं, इंजिन थोडं चालवायचं, निवू द्यायचं, पुन्हा सोडून द्यायचं. तिच्या हातांना कसली म्हणून घाई नव्हती. घमेल्यावर तिनं आठवणीनं पत्रा झाकला. जुन्या कूलंटचं पाणी गोड लागतं, कुत्र्यानं तोंड घातलं तर जिवावर बेततं, म्हणाली.

इंजिन निवायची वाट बघताना तिनं सांगितलं, पनवेलच्या स्थळाला ती पसंत पडली होती. मुलगा भला होता. फक्त लग्नानंतर जीप विकून टाकायची, एवढंच त्यांचं म्हणणं. उत्तर मागितलं होतं.

शेवटी तोटीतून नितळ पाणी आलं. नवं कूलंट ओतताना त्याच्या हातातलं नरसाळं हललं आणि तिची बोटं भिजली.

“लक्ष कुठं हाय तुमचं?”

“तुझ्याकडे...” पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ‘तू’ आलं. “त्यांना ‘नाही’ म्हणून कळव, अक्षदा. जीप तूच चालव. मी शेजारी बसेन — जन्मभर.”

तिनं झाकण घट्ट बसवलं, बोटं फडक्याला पुसली.

“‘नाय’ म्हणून तर मी कालच कळवलं,” ती हळूच म्हणाली. “तुझं तोंड कधी उघडतंय, तेच बघत व्हते.”

मग ओटीवर बसलेल्या वडिलांकडे वळून तिनं हाक दिली, “बाबा, ह्यांना तुमच्याशी बोलायचं हाय,” आणि ओजसला पाठीवर हात ठेवून पुढं ढकललं.