दोन शाखा, एक अध्यक्ष

शिडी डुगडुगायला लागली म्हणून मी धरली, एवढीच आमची पहिली ओळख.

राष्ट्रीय युवा संघटनेच्या आमच्या भागात दोन शाखा होत्या, एक खाली बाजाराजवळ आणि एक वर टेकडीवर. सभासद रोडावले म्हणून मुख्य कार्यालयानं दोन्ही एक करायच्या ठरवल्या. अध्यक्ष एकच राहणार होता आणि हॉलही एकच, सभासदांच्या मतदानात जो जिंकेल त्याच्या शाखेचा. खालची अध्यक्ष मी. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असायचे, संध्याकाळी मुलांना प्रथमोपचार शिकवायचे. वरचा हॉल गुपचूप बघून यावा म्हणून गेले, तर एकजण शिडीवर चढून पंखा लावत होता. मला तो वायरमन वाटला. शिडी धरल्या धरल्या मी विचारलं, इथला अध्यक्ष फार शिष्ट आहे म्हणे?

“मीही तसंच ऐकलंय,” तो वरून म्हणाला. “पण पंखे बरे लावतो.”

माझे कान तापले... तो हसलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, शिडी सोडू नका.

तो पोहायला शिकवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणत. मग दर रविवारी दोन्ही शाखांच्या बैठका वरच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. नव्या शाखेचं नाव, बिल्ल्याचा रंग, वर्गांच्या वेळा... मी काहीही सुचवलं की मास्तरची हरकत ठरलेली. वाद अर्धवट राहिला म्हणून तो माझ्याबरोबर उतार उतरायचा, आणि उतारावर वादाचं नावही काढायचा नाही. एकदा माझ्या बाहीला लागलेला खडू त्यानं नुसता बोटानं दाखवला — हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी खोकल्याच्या गिऱ्हाइकाला पोटदुखीचं औषध काढून दिलं. मालकांनी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं.

घरी माझ्या दादाला हे काही पसंत नव्हतं. गोड बोलून तो तुझं पद काढून घेईल, म्हणाला. खरं असेलही. पण तसं असलं तरी मी रविवारची वाट का बघत होते? काही कळेनासं झालं होतं.

त्यातच वरच्या शाखेतल्या एका मुलीच्या आईला मी सहज विचारलं, वर्ग खाली गेला तर हिला पाठवाल का? इतक्या लांब नाही पाठवणार, ती म्हणाली. बाकीच्या मुलींच्या आयांनीही तेच सांगितलं. त्या मुलींसाठी मी आमच्या लोकांना मास्तरला मत द्यायला सांगितलं. दादानं माझ्याशी बोलणं टाकलं.

मतं मोजली तर दोघांना सारखीच. मुख्य कार्यालयातून आलेल्या बाईंनी पुन्हा मोजली. मग हळूहळू उलगडलं. आमच्या सगळ्यांची मतं त्याला पडली होती, आणि त्याच्या सगळ्यांची मला. हॉलमध्ये एकच कालवा झाला. बाईंनी कपाळाला हात लावला आणि आम्हा दोघांना व्हरांड्यात पाठवलं. मिळून जे ठरवाल ते मान्य, म्हणाल्या.

“तुमच्या लोकांनी मला मतं का दिली?” मी विचारलं.

“मी सांगितलं म्हणून. आणि तुमच्यांनी?”

“मी... सांगितलं म्हणून.”

मी त्याला मुलींचं सांगितलं. तो कठड्याला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, हा विचार खरं तर मी करायला हवा होता.

“मग तुम्ही कसला विचार केलात? माझी दया आली?”

“दया कसली...” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “तुम्ही हरलात तर रविवारी इथं कशाला याल? मला बाकी काही सुचलंच नाही. नुसता स्वार्थ.”

मला राग आला, हसू आलं आणि रडूही येईलसं वाटलं, सगळं एकदमच. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, अध्यक्ष मी, हॉल वरचा.

“आणि मी?”

“हरकती घ्यायला कुणीतरी लागेलच.”

“रविवारपुरत्या?”

“तू रोज घेतल्यास... तरी चालेल.”

तुम्हीचं तू कधी झालं, मला कळलंच नाही. त्याला मात्र कळलं. आत बाई हाका मारत होत्या, आणि आम्ही दोघंही जागचे हललो नाही.